दिव्याचं काकण

टीचर,

तुमच्या हातचा शेवटचा, मनगटावरचा मण्यांचा कफ मी उसवला. पूर्ण, एकही टाका न ठेवता. तुमच्या लेकीनेच तसं सांगितलं होतं, तरी कात्री हातात घेऊन मी बराच वेळ नुसती बसून राहिले. आतली पितळेची पट्टी हिरवी पडली होती, तिच्या कडेने अस्तर सडलं होतं, आणि दोरा असा कुजला होता की नखाने ओढला तरी तुटावा. कुवेतच्या कोरड्या हवेत तो एवढी वर्षं टिकला आणि इकडे आल्यावर दोन पावसाळ्यांत गेला. खारा वारा पितळेला सोडत नाही, हे तुम्हीच सांगायचात.

तुमची लेक आता कुवेतमधली नर्सची नोकरी संपवून कायमची परत आली आहे. तुमच्याच घरात राहते, एकटी. गेल्या महिन्यात एका दुपारी कफ रुमालात गुंडाळून माझ्याकडे आली आणि पडवीत टेकायच्या आधीच म्हणाली, "मम्मीच्या हाताचो शेवटचो. हेच मणी घे, हीच नक्षी ठेव, फक्त पट्टी आणि दोरो बदल. तू शिकलंस तिच्याकडे, तुका जमतला."

"मी मण्याची सुई हातात धरूक नाय गो वीस वर्सां."

"मगे धर आता. चष्मो तर मम्मीपेक्षा जाड लावलंस."

मी हसले. चहा आणला. तिने बशीत ओतून दोन घोट घेतले आणि त्याच आवाजात, जणू अजून चष्म्याचंच चाललंय, म्हणाली, "माका एकच गोष्ट खाता. मी नर्स. दर आयतवारी तिच्याशी फोनार बोलतंय. ती म्हणता, डोळ्यात मोतीबिंदू आसा, पिकाक व्हयो. आणि मी काय म्हणतंय? पिकांदे. परक्यांच्या आवशींचे डोळे राखलंय मी थंय, आणि माझ्या आवशीक म्हटलंय, पिकांदे." मग तिने बशी खाली ठेवली. त्या क्षणी मला बोलता आलं असतं. वाटेत काहीच नव्हतं, पडवीत आम्ही दोघीच होतो. मी विचारलं, चहात साखर बरी झाली का.

तेव्हापासून तुम्हाला लिहायचं मनात आहे. रोजनिशी मी आजही लिहिते, पण रोजनिशीत माणूस स्वतःशी बोलतो आणि स्वतःशी बोलताना सवलत देतो. तुम्ही सवलत द्यायच्या नाहीत.

मी तुमच्याकडे आले तेव्हा बी.ए. होऊन घरी बसले होते. शाळेत आठवी-नववीला तुम्ही आम्हाला शिवण शिकवलेलं, तेव्हापासून तुम्ही टीचर. निवृत्त झाल्यावर तुम्ही म्हापशाच्या एका दुकानासाठी मणीकाम करायचात, गाउनांचे गळे, पर्स, आणि मनगटावर बसणारे रुंद पट्टे. दुकानातली बाई त्यांना कफ म्हणायची म्हणून आपणही कफच म्हणायचो. आमच्या घरी त्या शब्दाची फार चेष्टा झाली. बाबा दारात येईल त्याला सांगायचे, "चेडू टीचरकडे जाता. दोन म्हयने झाले, कफ काय सुटाक नाय." आई तोंडाला पदर लावून हसायची. मी चिडायचे, पण आता वाटतं, त्या घरात माझ्याबद्दल सांगण्यासारखी दुसरी गोष्ट तेव्हा नव्हती. दोन स्थळांनी नकार कळवला होता, कुठे नोकरीचं जमत नव्हतं. सकाळी दहाला मी तुमच्या ओट्यावर यायचे आणि तिथेच माझा दिवस सुरू व्हायचा.

पहिले तीन आठवडे तुम्ही मला सुई दिली नाहीत. मी मणी निवडायचे. काळ्या मखमलीच्या तुकड्यावर मोहरीएवढे काचेचे मणी पसरायचे, चपटे, फुटके, जाडे वेगळे काढायचे, आणि ज्याचं भोक बुजलेलं असेल तो करवंटीत टाकायचा. त्याला तुमचा शब्द होता, आंधळो मणी. "आंधळ्याक सुई दाखवन काय उपेग? बाजूक ठेव. पण फेकू नको, तो पण मणीच." वर्षभर करवंटीत साठलेले आंधळे मणी तुम्ही नाताळात खळीने चांदणीवर चिकटवायचात, आणि ती चांदणी इगर्जीतल्या चांदणीपेक्षा जास्त चमकायची. मग सुई आली. इगर्जीतून आणलेल्या मेणबत्तीच्या बुडख्यावरून दोरा दोनदा ओढायचा, म्हणजे तो गुंतत नाही. दोन मणी घ्यायचे, कापडावर बसवायचे, सुई मागून आणून दोघांच्या मधून वर काढायची आणि दुसऱ्या मण्यातून पुन्हा न्यायची. दोन फुडे, एक मागे. तुम्ही ते पाळण्यासारखं म्हणायचात. आजही टाका घालताना माझे ओठ हलतात.

माझा पहिला पट्टा मी तुमच्यासमोर ठेवला तो दिवस मला नीट आठवतो. निळ्या जमिनीवर पांढरी वेल होती, आणि मला ती सुंदर वाटत होती. तुम्ही समोरून पाहिलाही नाहीत. सरळ उलटा केलात. मागे दोऱ्यांचं जाळं झालेलं, गाठी इकडेतिकडे, एका फुलावरून दुसऱ्या फुलावर लांब उड्या मारलेल्या. तुम्ही कात्री घेतलीत आणि माझ्यादेखत मधोमध दोरा कापलात. मणी मखमलीवर सांडले. "फुडली बाजू गिरायकाची," तुम्ही म्हणालात, "पाटली आपली. गिरायकाक अस्तर दिसता, तुका ठावक आसता खाली काय आसा." मी रडले. तुम्ही मला उकड्या तांदळाची पेज आणि सुक्या बांगड्याची कोशिंबीर वाढलीत. त्यानंतर प्रत्येक काम तुम्ही उलटं करून बघायचात, मगच अस्तर लावायची परवानगी. मी तुमच्याकडे मणीकाम शिकले असं लोक म्हणतात. मी खरं तर कामाची मागची बाजू स्वच्छ ठेवायला शिकले.

त्या हिवाळ्यात, दिवे लागायच्या वेळी, तुम्ही ओट्यावरच्या बल्बकडे बोट केलंत. "बग गो, दिव्यान कांकण घातल्यान." मी पाहिलं. नुसता बल्ब होता, त्याच्याभोवती दोन पाखरं फिरत होती. "माका नाय दिसत." तुम्ही हसलात, "तरण्या डोळ्यांक दिसाचां नाय." मग तुम्ही रंग सांगायला लागलात. आत जांभळा, मग निळा, मग हिरवा, पिवळा, सगळ्यांत बाहेर तांबडा. तुम्हाला ते इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी तुम्ही कागदावर काढलंत, मध्ये एक मोती आणि भोवती पाच कडी. म्हापशाच्या बाईला नक्षी पाठवली तर तिने लगेच काम दिलं. ईस्टरनंतरच्या एका लग्नासाठी, नवरीला आणि तिच्या करवल्यांना, सात जोड. ज्या दिवशी निरोप आला त्या दिवशी तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, "ह्यां काम बेस झालां की बाईक सांगतंय, आता ह्या चेडवाच्या हाताक काम दी. माझां नाव लावची गरज नाय." हे वाक्य मी घरी जाईपर्यंत मनात घोळवलं. माझ्या नावाने काही होईल, असं तोवर कुणी म्हटलं नव्हतं.

दिव्याचं ते काकण म्हणजे काय ते मला तेव्हा माहीत नव्हतं. आता माहीत आहे. डोळ्यातला दाब वाढला की दिव्याभोवती रंगाची कडी दिसतात. तुमची सगळ्यांत सुंदर नक्षी ही तुमच्या आजाराची पहिली खूण होती, आणि आपण दोघींनी ती चौदा वेळा मण्यात भरली.

बाकीच्या खुणा मात्र मी पाहिल्या होत्या. तुम्ही दाराच्या चौकटीवर खांदा आपटायला लागलात, त्याच दारात जिथून तुम्ही तीस वर्षं ये-जा केलीत. मी चहा तुमच्या उजव्या हाताशी ठेवायचे आणि तुम्ही म्हणायचात, "चाय हाडूक नाय?" समोर धरलेला मणी तुम्हाला नीट दिसायचा, बाजूची वाटी दिसायची नाही. पुढे एकदा करवंटी रिकामी करताना मला आंधळ्या मण्यांत चांगले मणी सापडले. मूठभर. उजेडात धरले, प्रत्येकातून आरपार दिसत होतं. मी ते गुपचूप डब्यात परत ओतले.

जानेवारीत शाळेत डोळ्यांचं शिबिर भरलं तेव्हा मीच तुम्हाला घेऊन गेले. तुम्ही येत नव्हतात, "वयान येता तां येतलां" म्हणत होतात. व्हरांड्यात बाकावर आपण दोन तास बसलो. समोरच्या भिंतीवर शिबिरवाल्यांनी डोळ्यांच्या चित्रांचे तक्ते लावले होते. एक म्हातारा मासेविक्या आपल्या बायकोला सांगत होता, "माका दिसता सगळां, फक्त तू दिसनस नाय," आणि तुम्ही खो-खो हसलात. मग तुम्हाला आत नेलं. बाहेर आलात तेव्हा डोळ्यांत औषध घातलेलं, बाहुल्या मोठ्या झालेल्या, जवळचं काही वाचता येत नव्हतं. दारावरच्या मुलीने चिठ्ठी माझ्या हातात दिली आणि पुढचं नाव पुकारलं. तुम्ही माझा दंड धरलात. "काय लिवल्यानी? मोतीबिंदूच मा?"

चिठ्ठी इंग्रजीत होती. डॉक्टरांचं अक्षर कसं असतं ते सगळ्यांना माहीत आहे. मी म्हटलं, "होय टीचर, मोतीबिंदू."

"पिकाक व्हयो आसतलो."

"होय. पिकाक व्हयो."

घरी येताना तुम्ही खुशीत होतात. मोतीबिंदू सगळ्यांनाच होतो, पिकला की काढतात, चार दिवस हिरवी पट्टी लावली की झालं. "बग," तुम्ही म्हणालात, "मोती आता डोळ्यात पण इले. म्हापशाच्या बाईक सांगू नको, ते पण मागात." चिठ्ठी तुम्ही माझ्याकडेच ठेवायला सांगितलीत, तुमच्याकडे हरवेल म्हणून. त्या आयतवारी तुम्ही लेकीला फोन केलात, नाक्यावरच्या दुकानातून, आणि मी शेजारी उभी होते. "मोतीबिंदू गो, दुसरां काय नाय. चिठी वाचली आमच्या चेडवान, बी.ए. झालेली आसा."

शंका मला होती. एवढं तर मी आजवर स्वतःशी कबूल करत आले आहे. कुणाला तरी ती चिठ्ठी दाखवायला हवी होती, मालवणात डॉक्टर होते, पोस्टमास्तरही वाचू शकले असते. पण सात जोडांपैकी तेव्हा दोनच झाले होते. तुम्हाला गोव्याला मोठ्या इस्पितळात न्यायचं म्हणजे काम थांबणार, नक्षी तुमच्या डोक्यात, बाईला निरोप तुमचा. मी स्वतःला सांगितलं, ईस्टरपर्यंत. मोतीबिंदू असला तर ईस्टरपर्यंत काही होत नाही. आणि नसला तर, हे वाक्य मी पूर्ण केलं नाही.

फेब्रुवारीपासून तुमचे टाके चुकायला लागले. निळ्याच्या जागी हिरवा, कड्यात एक मणी कमी म्हणून वर्तुळ एका बाजूने दबलेलं. मी कफ पिशवीत घालून घरी न्यायचे, उसवून नीट करायचे, सकाळी परत आणायचे. तुम्ही बोटाने चाचपून म्हणायचात, "बरां झालांहा मा?" मी म्हणायचे, बरां झालांहा. आणि एक दिवस तुम्ही माझं काम हातात घेतलंत, उलटं केलंत, डोळ्यांजवळ नेलंत, आणि न बघताच परत दिलंत. "तुझो हात आता बसलो. माका बगूक नको." टीचर, मला आनंद झाला. तुम्हाला दिसत नाही म्हणून तुम्ही बघायचं सोडलंत हे मला कळत होतं, तरी तो आनंद झाला, आणि संध्याकाळपर्यंत राहिला. काम वेळेत गेलं. बाईने तुमचं कौतुक केलं आणि माझ्या नावाने एक पर्स सांगितली. तुमच्या उरलेल्या मण्यांतून तुम्ही आणखी एक कफ करायला घेतलात, एकच, लेकीसाठी.

पावसाळा संपता संपता तुम्ही घरातल्या घरात भिंतीला हात लावून चालायला लागलात. तेव्हा नेलं आम्ही गोव्याला, मी आणि बाबा. तरुण डॉक्टर होते, त्यांनी बराच वेळ तपासलं आणि शुद्ध मराठीत, सावकाश, सांगितलं. काचबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत. गेलेली नजर परत येत नाही. सहा-आठ महिने आधी आणलं असतं तर थेंबांवर बरीचशी राखता आली असती. "आधी कुठे तपासलं नव्हतं?"

"तपासलं होतं," तुम्ही म्हणालात, तुमच्या शाळेतल्या मराठीत. "मोतीबिंदू सांगितला."

"कुणी सांगितला?"

तुम्ही थांबलात. मी तुमच्या खुर्चीमागे उभी होते. "शिबिरात," तुम्ही म्हणालात.

त्या थांबण्याचा मी किती वर्षं विचार केला आहे. तुम्ही मला झाकलंत, की तुम्हाला आठवतच नव्हतं कुणाच्या तोंडून ऐकलं, की दम लागला म्हणून थांबलात. गाडीत परत येताना तुम्ही एकदाच बोललात. "काच आणि मोती. आयुष्यभर ह्येच केलंय मी, आणि माका वळकूक येवक नाय." बाबा पुढे बसून रडत होते. मी बाहेर बघत होते, आणि बघता येतं याची मला लाज वाटत होती.

त्यानंतर तुम्ही अकरा वर्षं जगलात, आणि मी दर शनिवारी येत राहिले. लोक म्हणायचे, पोटच्या पोरीसारखी येते. मला तालुक्याच्या कचेरीत नोकरी लागली होती. मणीकाम मी ती एक पर्स करून सोडलं, पण तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्ही विचारायचात, सध्या खंयचो रंग चल्लाहा, आणि मी एखादा रंग सांगायचे. एका शनिवारी तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसून तांदूळ निवडत होतात. बोटं सुपात फिरायची आणि खडा बरोबर बाहेर यायचा. मी म्हटलं, कसां कळता तुमका. तुम्ही हात पुसलात, फडताळातल्या डबीतून दोन मणी काढायला लावलेत, एक मोत्याचा, एक काचेचा, आणि एकेक करून स्वतःच्या खालच्या ओठाला लावलेत. "डोळ्यांक फसवूक येता गो. ओठाक नाय. काच थंड लागता." मग तुमचा चेहरा माझ्या दिशेने तसाच राहिला. मी वाट पाहिली. तुम्ही म्हणालात, "चुलीर काय उतू जाता काय बग." काही उतू जात नव्हतं. निघताना तुम्ही तुमची सुयांची लाकडी नळी माझ्या हातात दिलीत. ती मी गेल्या महिन्यात उघडली. आतल्या बहुतेक सुया गंजल्या आहेत, दोन चांगल्या निघाल्या.

त्याच दोन सुयांनी मी हा कफ केला. पितळ नको म्हणून तेलाच्या कॅनची पट्टी कापली, गरम पाण्यात मऊ केली आणि बाटलीवर घट्ट बांधून वाकवली. प्लास्टिकला वारा खात नाही. नव्या कापडावर पाच कडी काढली. जुना कफ उसवताना मी तो आधी उलटा केला, सवयीने. आतली तीन कडी तुमची होती, दोरा कापडाला चिकटून एका दिशेने गेलेला. बाहेरची दोन माझी, त्या फेब्रुवारीतल्यासारखीच घरी नेऊन दुरुस्त केलेली, गाठी नीट दाबलेल्या, तरी कळत होत्या. तुमच्या लेकीने परदेशात सगळ्यांना सांगितलं असणार, आईच्या हातचं आहे. आणि ते खरंही होतं, तीन कड्यांपुरतं. आता तेही नाही. मणी धुऊन, वाळवून, रंगवार लावून मी तीन आठवडे बसले, कचेरीतून आल्यावर संध्याकाळी, आयतवारी दिवसभर. दोन फुडे, एक मागे. सुईत दोरा ओवायला मला आता तारेचं साधन लागतं. उठताना रोज मी चष्मा काढून बल्बकडे बघायचे. काकण दिसलं नाही. दिसेल या भीतीने बघायचे असं मी रोजनिशीत लिहिलं आहे. दिसावं असंही एकदोनदा वाटलं, ते लिहिलेलं नाही.

कचेरीत माझ्या टेबलाशी माणसं कागद घेऊन येतात. मॅडम, ह्यात काय लिवलाहा. मी प्रत्येक कागद दोनदा मोठ्याने वाचते. हाताखालचे हसतात, मॅडम पारायण करतात म्हणून.

काल दुपारी ती आली. कफ तयार होता, पण अस्तर मी तीन बाजूंनीच लावलं होतं. चौथी बाजू मुद्दाम उघडी ठेवली होती, तिने आत बघावं म्हणून. तिने कफ घेतला, मण्यांवरून अंगठा फिरवला, मग अस्तर उचलून आत डोकावली. "मागसून पण किती सुंदर गो. अगदी मम्मीसारखां." आणि तिचे डोळे भरले. तेव्हा मी म्हटलं. खूप वेळ तयारी केलेलं वाक्य होतं, तरी ते घाईत बाहेर पडलं. "शिबिरातल्या त्या चिठ्येत मोतीबिंदू नव्हतो. काचबिंदू होतो. मी चुकीचां सांगलंय."

तिने हातातलं अस्तर सोडलं. बाहेर कुणी तरी नारळ सोलत होतं, पहारेचा आवाज येत होता. मग तिने विचारलं, "तुका कधी कळलां?"

"मागसून," मी म्हटलं.

तिने मोठा श्वास सोडला. "डॉक्टरांची अक्षरां," ती म्हणाली. "थंय आमी चार नर्सी मिळान एक चिठी वाचूक बसांव, तरी औषध चुकाचां. तू तर एकवीस वर्साचां चेडू. इतकी वर्सां ह्यां मनात घेवन बसलंस? खुळी मगो तू." तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "मी समजत होतंय, माझाच चुकलां. अक्षर नडलां, आणि काय. ती चिठी आसा खंय?"

"नाय. खंयतरी गेली."

"जावंदे," ती म्हणाली. मी तिच्यासमोर चौथी बाजू शिवली, कडेने मण्यांची ओळ घातली. दहा मिनिटं लागली. तिने कफ मनगटात घातला, हात लांब करून पाहिला, आणि जाताना फाटकाशी वळून म्हणाली की आज बरी झोप लागेल.

ती गेल्यावर मी त्या वर्षाची रोजनिशी काढली. त्या दिवसाखाली लिहिलं आहे, शाळेत डोळ्यांचं शिबिर, टीचरना घेऊन गेले, मोतीबिंदू. ज्या वहीला माझ्याशिवाय कुणी हात लावणार नव्हतं त्या वहीतही मी तेच लिहिलं. चिठ्ठी त्याच पानात आहे. पहिल्यापासून तिथेच होती.

हे पत्र टाकणं अवघड नाही. तुमचं घर तेच आहे, फाटक तेच, दारात आता पत्राची पेटीही आहे, आणि ती उघडणारी तुमची लेक आहे. मी ते टाकणार नाही. कालची तिची झोप मोडायची नाही असं कारण मी स्वतःला दिलं आहे, आणि ते कारण समोरून छान दिसतं.

आत्ता चिठ्ठी उघडून पुढ्यात ठेवली आहे. निळ्या शाईत दोन ओळी, एकेक अक्षर सुटं, शाळेच्या कित्त्यासारखं. आजाराचं नाव, दोन्ही डोळे, ताबडतोब मोठ्या इस्पितळात पाठवावे. आणि त्या व्हरांड्यात समोरच्या भिंतीवर दोन डोळ्यांचे दोन तक्ते होते, एकाखाली मोतीबिंदू आणि एकाखाली काचबिंदू लिहिलं होतं, मराठीत आणि इंग्रजीत. दोन तास माझ्यापुढे वाचायला दुसरं काही नव्हतं.

अक्षर चांगलं आहे, टीचर.